ओहळापलीकडची बातमी

राबातली भाताची रोपं वीतभर झाली, की संध्याकाळचे सात वाजूच नयेत असं मला वाटायला लागतं. एरवी वर्षभर सातच्या बातम्या मी लावते, ऐकते, त्यांच्याशी भांडते आणि मग जेवायला बसते. एकट्या बाईच्या घरात भांडायला कोणीतरी लागतंच. पण आषाढ लागला, खाचरं पाण्याने भरली, की बातम्यांची ती ओळखीची धून नकोशी होते. टीव्ही बंदही करवत नाही आणि बघवतही नाही. बातम्या देणारी काय सांगते तिकडे माझं लक्ष नसतं. मी पडद्याच्या खालच्या सरकत्या पट्टीकडे बघत राहते. त्या पट्टीवर 'मोखाडा' हे नाव येऊ नये, एवढंच माझं मागणं असतं. आमच्या तालुक्याचं नाव बातम्यांत चांगल्या कारणासाठी येत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

यंदा तर ही भीती जास्तच आहे. यंदा वनिता पुन्हा पोटुशी आहे, दिवस भरत आलेत, आणि तिचा पाडा ओहळाच्या पलीकडे आहे.

वनिता ही माझी आश्रमशाळेतली विद्यार्थिनी. दहावी झाली, दोन वर्षं घरी राहिली आणि मग लग्न होऊन ती पोशेऱ्याच्या पलीकडच्या डोंगरातल्या एका पाड्यात आली. मी राहते त्या रस्त्यावरच्या गावातून तो पाडा दिसतो. म्हणजे उन्हाळ्यात चुलीचा धूर दिसतो. मध्ये फक्त एक ओहळ आहे. माघ-फाल्गुनात त्या ओहळात पोरं क्रिकेट खेळतात आणि बायका झऱ्यावर वाटीवाटीने पाणी भरतात. आषाढात तोच ओहळ लाल होतो, फुगतो, त्यातून अख्खी झाडं वाहत जातात. त्यावर पूल होणार आहे. पूल होणार आहे हे मी इथे बदलून आले तेव्हापासून ऐकते आहे, आणि आता माझे केस पांढरे झालेत.

बातम्यांची सवय मला वडिलांनी लावली. आम्ही जव्हारचे. वडील कचेरीतून आले की हातपाय धुऊन टीव्हीपुढे बसायचे आणि बातम्या सुरू असेपर्यंत घरात भांड्याचा आवाज झालेला त्यांना चालत नसे. आई भाकऱ्या थापायची ती बातम्यांच्या आधी नाहीतर नंतर. लहानपणी मला वाटायचं, बातम्या देणाऱ्या त्या बाईंना सगळं आधीच माहीत असतं. काठापदराची साडी, केसात एखादं फूल, पूर असो की निवडणूक, आवाज तोच. मला त्यांच्यासारखं व्हायचं होतं. झाले मी विज्ञानाची शिक्षिका, आणि फावल्या वेळात विज्ञानकथा लिहायला लागले. जव्हारला माझा धाकटा भाऊ चारचौघांत माझी ओळख 'आमच्या यानवाल्या ताई' अशी करून देतो.

या वेडाला कारण जव्हारचं वाचनालय. दिवाळी अंक हाती आला की मी आधी अनुक्रमणिकेत बायकांची नावं शोधायची. पुरुषांच्या विज्ञानकथेत बहुधा एक प्राध्यापक असायचे, त्यांची प्रयोगशाळा असायची, आणि त्यांची पत्नी चहा घेऊन येऊन विचारायची, 'अहो, पण हे यंत्र चालतं कसं?' मग पुढची चार पानं ते यंत्र चालायचं आणि चहा गार व्हायचा. बायकांच्या कथांत यंत्र चालू असताना घरात काय चाललंय तेही असायचं. लांबच्या ग्रहावर वस्ती झाली, झाली. पण तिथे तान्ह्या पोराच्या अंगाला तेल कोण लावणार? माणसं यानात शंभर वर्षं झोपून राहिली, राहू देत. पण जिची आई मागे राहिली, ती उठल्यावर हाक कोणाला मारणार? अशा कथा फार नसायच्या. कधी एक, कधी तीही नाही. त्या लिहिणाऱ्या बायकांना मी कधी भेटले नाही, पण मला त्या माझ्या मावश्या वाटायच्या. जगाला जे विचारायला लाज वाटते, ते त्या सरळ विचारत.

आश्रमशाळेत मी हे वेड मुलींनाही लावलं. संध्याकाळी जेवणाआधी मुलींना बातम्या दाखवायच्या, सामान्यज्ञान वाढतं, असा नियम होता. मुली कंटाळून एकमेकींच्या वेण्या घालत बसायच्या. मग मी बातम्या संपल्या की टीव्ही बंद करायची आणि म्हणायची, आता पुढच्या बातम्या. एकेकीने टीव्हीपुढे बसायचं, ओढणी नीट करायची, आणि वीस-पंचवीस वर्षांनंतरच्या बातम्या द्यायच्या. मुली सुटायच्याच. कोणी चंद्रावर बाजार भरवायची, कोणी सूर्यमाळला विमानतळ करायची. एकीने शिरपामाळाच्या टेकडीवरून थेट मंगळाला जीप सोडली होती, आणि त्या जीपमध्येही माणसं टपावर बसली होती. वनिता तेव्हा आठवीत होती. अंगाने बारीक, आवाज मात्र खणखणीत. ती ताठ बसली, 'नमस्कार' म्हणाली आणि तिने बातमी दिली, की आज आमच्या पाड्यात पावसाळ्यात गाडी आली. एवढंच. त्या दिवशी सगळ्यांत मोठा हशा तिच्या बातमीला पडला. मंगळावरची जीप मुलींनी ऐकून घेतली होती, पाड्यातली गाडी काही त्यांना खरी वाटेना.

मीही हसले होते.

गेल्याच्या गेल्या आषाढात वनिताचं पहिलं बाळंतपण होतं. आमच्याकडे एक रीत आहे. ओहळापलीकडच्या बाया दिवस भरत आले की पाऊस जोर धरायच्या आत अलीकडे येऊन राहतात. कोणी मावशीकडे, कोणी नणंदेकडे, कोणी नुसत्या ओळखीवर. वनिता माझ्याकडे येणार होती. मी आतली खोली रिकामी केली, माळ्यावरून जुनी लुगडी काढून धुतली, मऊ कापड शिवून ठेवलं. मला मूलबाळ नाही. त्या चार दिवसांत मी घरात इतक्या वेळा इकडून तिकडे गेले की शेजारणीने विचारलं, लेक यायची आहे का? मी हो म्हणून टाकलं.

वनिता आली नाही. बाजाराला आलेल्या बायकांबरोबर निरोप आला, की येते, थोडी आवणी, म्हणजे भाताची लावणी, राहिली आहे. मला राग आला. मी चपला पायात सरकवल्या आणि ओहळ ओलांडून पाड्यावर गेले. तेव्हा पाणी घोट्याएवढं होतं. वनिता दुसऱ्या कोणाच्या तरी खाचरात, पोट सांभाळत, वाकून रोपं लावत होती. अंगावर इरलं नव्हतं. वाकलं की ते पोटाला टोचतं म्हणे.

इथल्या आवणीची पद्धत सांगायला हवी, नाहीतर तिचा हा हट्ट नुसता मूर्खपणा वाटेल. पाड्यात भात लावायला कोणी मजुरी देत नाही. आज माझ्या खाचरात सगळ्या, उद्या तुझ्या खाचरात सगळ्या. ज्याचं रोप आधी तयार, त्याचं खाचर आधी. त्या वर्षी वनिताचं रोप सगळ्यांच्या आधी तयार झालं होतं. म्हणजे पाड्यातल्या बायांनी तिच्या खाचरात हात आधी दिला होता, आणि तिने तो अजून सगळ्यांना परत केला नव्हता. त्याला इथे 'हात राहिला' म्हणतात. राहिलेल्या हाताबद्दल कोणी कधी मागायला येत नाही. म्हणूनच तो कोणी ठेवत नाही.

मी बांधावरून तिला चांगलंच फैलावर घेतलं. तिने मान वर केली, कपाळावरचा चिखल मनगटाने पुसला आणि म्हणाली, "हात ठेवून कुठं जाऊ बाई? दोन खाचरं ऱ्हायलीत. ती झाली का येतेच."

बाकीच्या बायाही तिला जा म्हणत होत्या. तिची सासू सोनीबाय हिने तर हातातली रोपांची मूठच काढून घेतली होती एकदा. पण आपल्या घराने हात घेतला आणि दिला नाही, असं कोणाच्या मनातही येऊ नये, यासाठी वनिता त्या चिखलात उभी होती. शिकलेली, नियम पाळणारी, वर्गात गृहपाठ कधी न चुकवलेली पोर. मी तिला काय सांगणार होते? हिशोब चोख ठेवावा, हे मीच तर शिकवलं होतं. बाजूच्या खाचरातल्या बाईने मला विचारलं, तुमची आवणी झाली का? मला आवणीच नाही, हे तिला फार गमतीचं वाटलं.

मी परत आले आणि संध्याकाळपासून पाऊस कोसळायला लागला. असा, की समोरचं आंब्याचं झाड दिसेना. फोनची रेंज गेली. रात्र कशी गेली ते सांगत नाही. दुसऱ्या दिवशी मी ओहळापर्यंत गेले आणि लाल पाण्याच्या या काठावर उभी राहिले. त्या आवाजात हाक मारून काही उपयोग नव्हता. पलीकडे कोणी दिसत नव्हतं. मला वाटलं, कोणी दिसत नाही म्हणजे सगळं ठीक असेल. माणूस स्वतःला असं काहीही सांगतो.

संध्याकाळी वीज आली, ती नेमकी सातला. मी टीव्ही लावला. बातम्या देणारी मुलगी म्हणाली, मोखाडा तालुक्यात पुन्हा एकदा एका गर्भवतीला झोळीतून न्यावं लागलं. पडद्यावर कोणीतरी मोबाइलवर घेतलेलं चित्र हलत होतं. चार माणसं, खांद्यावर बांबू, बांबूला बांधलेली झोळी, डोंगराच्या कडेकडेने चिखलातून चालली होती. वरच्या अंगाने फिरून, जिथे ओहळ अरुंद होतो तिथून त्यांनी तिला काढलं होतं. झोळीतली बाई दिसत नव्हती. झोळी ज्याची केली होती ते ब्लँकेट दिसत होतं. हिरवं, त्यावर मोठाले गुलाब. ते मी वनिताला लग्नात दिलं होतं. जव्हारच्या बाजारात मीच निवडलं होतं, आणि भाऊ म्हणाला होता, काय हे भडक.

माझ्या घरातून ज्याचा धूर दिसतो त्या पाड्याची बातमी मुंबईला गेली, तिथून आकाशात गेली, आणि तिथून माझ्या घरात आली. एवढा विज्ञानाचा चमत्कार मी माझ्या कुठल्याही कथेत लिहिलेला नाही. ती मुलगी पुढे म्हणाली, महिलेची प्रकृती स्थिर आहे, बाळ मात्र दगावलं. आणि मग तिने मान किंचित वळवली, हसली, आणि म्हणाली की मुंबईकरांसाठी एक आनंदाची बातमी आहे, पाणी पुरवणारे तलाव भरून वाहू लागले आहेत. तिचा काही दोष नव्हता. तिच्या पुढ्यात जसं आलं तसं तिने वाचलं. पण ते पाणी आमच्या डोंगरांवरून गेलेलं होतं. त्याच पाण्याने वनिताची वाट अडवली होती, आणि ते पुढे जाऊन कोणासाठी तरी आनंदाची बातमी झालं होतं. मी टीव्ही बंद केला. आतल्या खोलीत शिवून ठेवलेलं मऊ कापड तसंच घडी घातलेलं होतं.

मुलगी होती.

ओहळ उतरल्यावर श्रावणात मी वनिताला भेटायला गेले. ती ओटीवर नाचणी पाखडत बसली होती. माझ्याकडे बघून हसलीसुद्धा. मी तिच्याजवळ बसले. ती म्हणाली, पोशेऱ्याला दुकानात कोणीतरी मोबाइलवर तिला ती बातमी दाखवली होती. "बातमीत ब्लँकेट दिसलं, बाई," ती म्हणाली. "मी नाय दिसले."

मी तिचा हात धरला. तिने तो थोडा वेळ राहू दिला आणि मग सुपाकडे नेला. पाखडता पाखडताच तिने मला विचारलं, तुम्ही अजून त्या पुढच्या गोष्टी लिहिता का? मी हो म्हटलं. मग ती जे बोलली ते माझ्या कानात अजून तसंच आहे.

"मंग तुमच्या गोष्टीत तिला मोठी करा."

मी कबूल केलं. दुसरं करण्यासारखं माझ्या हातात काय होतं? आणि मला वाटलं, हे तर मला येतं. यासाठीच तर असतात या कथा. माझ्या त्या न भेटलेल्या मावश्यांनी हेच तर केलं, जगात ज्यांना जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी पुढच्या काळात जागा करून ठेवली. मी बसले लिहायला.

दोन दिवाळ्या गेल्या, ती कथा काही झाली नाही. मी त्या मुलीला यानाची कप्तान केलं. मी तिला पावसाचा अभ्यास करणारी शास्त्रज्ञ केलं, जी ढगांना वाट बदलायला लावते. एकदा तर मी तिला सातच्या बातम्या द्यायला बसवलं, कारण मला वाटलं, तिच्या आईला तेच आवडेल. प्रत्येक वेळी सुरुवात झकास व्हायची आणि मग कुठेतरी तिच्या जन्माचा उल्लेख यायचा. ती मोठी व्हायची तर त्या सकाळी ती जगायला हवी. ती जगायची तर तिची आई वेळेत ओहळाच्या अलीकडे यायला हवी. कागदावर पूल बांधायला मला काय जातं? मी उडत्या झोळ्या केल्या, जमिनीखालून रस्ते काढले. आणि लिहिता लिहिता ते गुलाबांचं ब्लँकेट डोळ्यांपुढे यायचं, की सगळं खोटं वाटून मी कागद फाडायची. बातमी सांगते काय झालं. विज्ञानकथा विचारते, असंच चालू राहिलं तर काय होईल. मोखाड्यात या दोन्हींत फरकच उरत नाही, कारण इथे असंच चालू राहतं. मी हरले होते. साधं, सरळ हरले होते, आणि ते वनिताला सांगायची माझी हिंमत नव्हती.

यंदा ज्येष्ठात एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. भले गृहस्थ आहेत. म्हणाले, बाई, विज्ञानकथा हवी, आणि यंदा जरा आशादायक द्या. मी म्हटलं, प्रयत्न करते. तर म्हणाले, तुमच्या भागातलं ते कुपोषण, पूल वगैरे नको बरं का, ते बातम्यांत येतंच. मी त्यांना हो म्हटलं आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली.

त्याच आठवड्यात वनिता बाजारात दिसली. पोट दिसत होतं. मला पाहिल्यावर ती थांबली, पण या वेळी येते म्हणून बोलली नाही. तिने कांदे घेतले, मीही घेतले. निघताना ती एवढंच म्हणाली, की यंदाही आमचंच रोप आधी आलंय.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. तिला ओरडून उपयोग नव्हता, ते मी करून बसले होते. आषाढ लागला. पाड्यात वनिताचं खाचर लागलं. म्हणजे आता तिचा हात सगळ्यांकडे राहिला. मी एका सकाळी जुन्या साडीचा कासोटा घातला आणि ओहळ ओलांडून पाड्यावर गेले. सोनीबाय दारात मुठी बांधत बसली होती. सोनीबाय सगळ्यांना अरेतुरे करते. डॉक्टरला, पुढाऱ्याला, मला, सगळ्यांना. मी तिला म्हटलं, वनिताचा हात मी देते. ती माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत बघत राहिली.

"तू वाकशील का?" तिने विचारलं.

वाकेन म्हटलं. मग तिथे बायांची पंचायत बसली. एकीचं म्हणणं, हात ज्याचा त्याने द्यावा. दुसरी म्हणाली, नवरा आजारी पडला तर त्याच्या जागी भाऊ नांगर धरतोच की. तिसरीला माझ्या चष्म्याची काळजी पडली होती, चिखलात पडला तर कोण शोधणार. वनिता दाराला टेकून उभी होती, तिचं तोंड उतरलं होतं. तिला यातलं काही नको होतं. शेवटी सोनीबायने मुठी बाजूला ठेवल्या.

"घरचा हात पायजे," ती म्हणाली. "घरचं कोण, ते आमी ठरवू."

मी आवणीला उभी राहिले. काय सांगू? पहिल्या खाचरात माझी ओळ अशी गेली की बैलानेही एवढी वाकडी वाट धरली नसती. माझ्या मागून येणारी बाई काही न बोलता माझी रोपं उपटून परत लावत होती. कंबर मोडली, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या, एक खेकडा करंगळीला चावला आणि मी बोंबलले, तेव्हा सगळ्या इतक्या हसल्या की खाचरात बसायच्याच बाकी राहिल्या. दुपारी भाकरी खाताना त्यांनी मला विचारलं, तू घरी बसून काय लिहितेस? मी सांगितलं, पुढच्या गोष्टी. पुढे यंत्र येईल, ते भात लावेल, अशा. एकीने विचारलं, मग आम्ही सगळ्या एका जागी कशा येणार? मी भाकरीवरची चटणी पुसून खाल्ली.

रोज संध्याकाळी मी ओहळ ओलांडून परत यायची, आधी पाणी कुठवर आलंय ते बघायची आणि मग टीव्ही लावायची. तलाव निम्मे भरलेत, असं बातम्या देणारी मुलगी सांगायची. तलाव आणखी भरलेत. शहरात सगळे ते भरायची वाट बघत होते, आणि मी एकटीच इथे बसून म्हणत होते, थोडं थांबा, अजून दोन खाचरं राहिलीत. आपण पाऊस लांबावा म्हणून देवाला हात जोडतो आहोत, याची मला शरमही वाटली नाही. इतकी मी घायकुतीला आले होते.

काल शेवटचं खाचर लागलं. वनिता बांधावर येऊन उभी राहिली. सोनीबायने तिला म्हटलं, जा आता, तुझा कोणाकडे हात राहिला नाही. वनिता गुलाबांचं ब्लँकेट घडी करून डोक्यावर घेऊन आली होती. तिच्याकडे दुसरं पांघरूण नव्हतं. ओहळ गुडघ्याच्या वर होता. एका बाजूने तिचा नवरा जयराम, एका बाजूने मी, असे आम्ही तिला धरून अलीकडे आलो. ती स्वतःच्या पायांनी आली. जयराम माघारी फिरला आणि आज सकाळपासून पाऊस धरला आहे तो असा, की पलीकडचा पाडा दिसत नाही.

सात वाजले, तेव्हा वनिता आतल्या खोलीत आडवी झाली होती. मी बातम्या लावल्या. तलाव भरून वाहू लागले. शहराची वर्षभराची चिंता मिटली. मी पट्टीकडे बघत राहिले. पट्टी सगळी सरकून गेली, त्यावर आमचं नाव नव्हतं.

"बंद करा, बाई," वनिता आतून म्हणाली. मी बंद केला आणि तिच्याजवळ जाऊन बसले. पत्र्यावर पाऊस आदळत होता, आणि त्याखालून ओहळाचा घुमारा ऐकू येत होता. ती थोडी उठून भिंतीला टेकली आणि तिने विचारलं, "माझी गोष्ट झाली का?"

नाही झाली, मी म्हटलं. आणि मग मला राहवलं नाही, मी तिला सगळं सांगितलं. यानाची कप्तान सांगितली, ढगांची वाट बदलणारी सांगितली, बातम्या देणारी सांगितली. कशी प्रत्येक वेळी अडकते तेही सांगितलं. मला येत नाही वनिता, असंही म्हटलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, वर्गात ऐकायची तसं.

"मी कुठं इमानात बसवा म्हटलं?" ती हळूच म्हणाली. "मोठी म्हंजे, माझ्या बाजूला आवणीला उभी ऱ्हाईल, यवढी. मी मूठ पुढं केली का हातात घील, यवढी."

ती पोर आज असती तर दोन वर्षांची असती. दोन वर्षांची पोर बांधावर बसून चिखल खाते. आईच्या बाजूला उभी राहून रोप लावायला तिला अजून आठ-दहा वर्षं लागतील. म्हणजे मला तेवढंच पुढे जायचं होतं. इतकं जवळचं भविष्य मी कधी लिहिलं नाही, आणि इतकं लांबचंही नाही.

नाव काय घालू, मी विचारलं. आमच्याकडे बारशाआधी गेलेल्या लेकराला नाव नसतं. मला वाटलं, विचारायला नको होतं. मग तिने भिंतीकडे तोंड वळवलं आणि म्हणाली, "आरती."

आता ती झोपली आहे. मी दारातल्या दिव्याखाली लिहायला बसले आहे. बोटं सुजली आहेत, पेन नीट धरवत नाही. तिने कूस बदलली, की मी थांबते आणि कान देते. दवाखान्यात न्यायला जीपवाल्याला मी सांगून ठेवलं आहे, आणि घाटात दरड आली नाही तर लगेच निघू, असं त्याने कबूल केलं आहे. माझ्यापुढच्या कागदावर एकच वाक्य झालं आहे. 'आरतीने पुढे केलेल्या हातात आईने रोपांची मूठ दिली, आणि दोघी एकदमच वाकल्या.'

आतून वनिताने मला हाक मारली आहे.